लिमाचा घोडेस्वार आणि आमच्या पोळ्याचा मान

अण्णा, तू तेच धरून बसलास. गाव आपल्या खापरपणज्यानं वसवलं, पोळ्याला पहिला बैल आपला, मग आधी सोमाबाबा भिलाच्या दारी जाऊन "येऊ का?" विचारायचं कशाला? जहाजावर आलेल्या पत्रांतही तुझी हीच कटकट. तू माझा थोरला भाऊ, पण आता माझा प्रवास ऐक. तिकडं जाणाऱ्या बाकीच्यांनीही ऐकावा.

पेरू देशातल्या कायाओ बंदरात आमचं जहाज मासळीची भुकटी भरायला लागलं. वास कपड्यांतून जात नाही, जुनेच घाला. सुट्टी मिळताच मी जहाजावरच्या गोव्याच्या भंडाऱ्याबरोबर, म्हणजे स्वयंपाकी इनासबरोबर, बसनं लिमा गाठलं. आभाळ भरलेलं, पाऊस मात्र नावाला नाही. थेट आपली पाथर्डीच! रस्त्यावर कोळशावर बैलाचं काळीज भाजतात. मी मक्याचं कणीस घेतलं.

चौकात तलवार उपसलेला पितळी घोडेस्वार. शहर यानंच वसवलं. शेजारच्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत त्याचं वाळलेलं शव. राखणदार सांगत होता, इनास मला समजावत होता: स्पेनमधला पोरगा, डुकरं राखायचा, सहीसुद्धा येत नव्हती.

"मग आपलंबी जमंल की," मी म्हणालो.

"आधी राजा पकडावा लागतो रे," इनास हसला.

यानं तिथला राजा पकडला. खोलीभर सोनं घेतलं, तरी राजाला मारलंच. शेवटी याच्याच देशाच्या माणसांनी याला कापला. कणीसवाल्या बाईला इनासनं शहराचं विचारलं, तर ती म्हणाली, "गाव होतंच इथं. त्यानं कुणाला विचारलं?"

ते डोक्यात घेऊनच मुंबईला उतरलो. नगरहून पाथर्डीची एसटी घ्या, खिडकीशी बसा. करंजी घाट बघण्यासारखा आहे. तिकीट तीन रुपयांच्या आत.

घरी पोचलो तो पोळ्याच्या दिवशीच. अण्णानं बैल सजवलेला. "औंदा थेट येशीतून. इचारायचं न्हाई."

आई म्हणाली, "सोमाबाबा सकाळपासनं बसून हाय रं."

मी आईच्या हातातलं पुरणपोळीचं ताट घेतलं न् चालू लागलो. मागं बघितलं नाही. सोमाबाबाचं दार वाळवीनं पडलेलं. चौकटीच्या जागी म्हातारा स्वतः उभा.

"बाबा, येऊ का?"

"सात समिंदर न इचारता फिरतोस, न् हितं इचारतोस व्हय?" म्हातारा हसला. "ये. बैलबी येऊ दे."

वळलो तर मागं अण्णा, बैलाचा कासरा धरून. "उशीर हुतोय," एवढंच पुटपुटला.

अण्णा, आपल्या खापरपणज्याचा पुतळा नाही. पण त्यानं पहिल्या दिवशी इथं आधीपासून राहणाऱ्या भिलांना विचारलं, म्हणून आपण आजही विचारतो. हे मी जहाजावर छाती काढून सांगतो. इनास तर रोज सांगायला लावतो.

पुढच्या पोळ्याला मी दर्यावर असेन, विचारायचं तू. त्यासाठी सोमाबाबाला दार पाहिजे. सुताराकडून सागाची चौकट करून घे. मनीऑर्डर केलीय, एकशे पंचवीस रुपये.