मोजमापाची एकच फाइल

कीबोर्डला हात लावण्याआधी गौसभाई साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. दिवसभर प्लास्टरमध्ये काम. पण पेशंटचं मोजमाप टाइप करायचं म्हटलं की बोट स्वच्छ पाहिजे, आणि तेही एकच. नांदेडच्या आमच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात ते सगळ्यात जुने कारागीर. आता देगलूरला लेकीकडे असतात.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथे ऑफिसात लागलो, तेव्हा वाटलं, हे आपल्याला काय शिकवणार! पण डेटाबेस बघितला आणि तो विचार सोडून दिला. मोजमापांचं टेबल, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर, गौसभाईंच्या ताब्यात. माझ्या स्क्रीनवर त्याची नुसती लिंक, नावाशेजारी बारका बाण.

"बाण दिसतो ना? म्हंजे माल माझ्याकडं हाय. तू खिडकीतून बघून राहिला," ते म्हणाले. "नाप एकाच जागी ठेवायचा, मियाँ. दोन जागी ठेवला की दोन पाय होतात, अन् माणसाला पाहिजे असतो एक."

कुणी फोल्डरचं नाव बदललं की माझ्या मशिनवर 'फाइल सापडत नाही' यायचं आणि मी ओरडायचो. गौसभाई सावकाश येत, लिंकला नवा पत्ता देत. "डाटा कुठं जात न्हाई. रस्ता चुकलाय, दाखवून दे." त्यांना कधी घाई म्हणून नव्हती.

मला होती. लिंक फार हळू चालायची, म्हणून एक दिवस शहाणपणा केला आणि अख्खं टेबल माझ्या मशिनवर उतरवून घेतलं. बाण गेला, काम झपाझप होऊ लागलं. कुणाला सांगितलं नाही.

मग मुदखेडची वंदना परत आली; तिचा पहिला नाप मी टेबल उतरवून घेण्याआधीच नोंदलेला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायची नोकरी लागली होती, आणि सोमवारी आली नाहीस तर दुसरी बघतो, असं मालकाने बजावलेलं. तिच्या पायाची सूज उतरली तसा गौसभाईंनी पुन्हा नाप घेऊन आपल्या टेबलात भरला आणि ते लातूरच्या शिबिराला गेले. मी मोजमापाचं कार्ड छापलं ते माझ्या जुन्या नकलेवरून; तिच्यात सुजलेल्या पायाचाच नाप होता. दुसऱ्या कारागिराने त्यावरून पाय केला.

शनिवारी ती तो घालून उभी राहिली, तर तिचा पाय आत सैल पडून खेळायला लागला. भिंत धरून ती खाली बसली. "परवा कशी उभी राहू मी?"

तेवढ्यात शिबिराहून परत आलेल्या गौसभाईंनी कार्ड बघितलं, माझं मशीन बघितलं, मग मला बघितलं. तिला म्हणाले, "बेटी, चूक माझी. नाप पोचवणं माझं काम होतं. उद्या ये, पाय तयार मिळंल."

मी ती चूक त्यांच्यावरच राहू दिली. लाज वाटत होती, तरीही.

रविवारची सुट्टी मोडून त्यांनी तिचा पाय जिच्यात बसतो ती वाटी नव्याने बनवली. मी नक्कल पुसून लिंक परत जोडली, पाण्याच्या बादल्या भरून दिल्या. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी वंदना आली. पाय चढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, परत आली. गौसभाई खाली बसून तिचा पट्टा आवळत होते. मला राहवलं नाही. "ताई, चूक माझी होती. त्यांची नव्हती."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "काल बोलत होते ते, अन् मान तुमी खाली घातली होती."

गौसभाईंनी पट्ट्यावरून हात काढला. "जा, हिला स्टँडपर्यंत सोडून ये," मला म्हणाले. "गाडीवर न्हाई. संगं चालत जा."