तटामधली देवमाता

वार्दासचा उभा जन्म राजधानीच्या टांकसाळीत ठसे कोरण्यात गेला. पोलादात उलटी कोरायची, म्हणजे नाण्यावर सुलटी उमटायची: शहराच्या तटामध्ये हात उभारून प्रार्थना करणारी देवमाता. बायका ते नाणं बाळंतिणीच्या मनगटाला बांधत. "वार्दासकाकांच्या ठशातली आई पावतेच," असं गल्लीत म्हणत. तो वरवर झिडकारायचा, पण मनातून सुखावायचा.

त्याची एकुलती एक लेक आनिसिया बाळंतपणात अडली, तेव्हा मेलानी सुईण त्याच्यावर ओरडली, "बघत काय बसलाय? नाणं आणा की!"

त्यानं ते स्वतः बांधलं.

"घट्ट बांधा, बाबा," आनिसिया कण्हत म्हणाली. "सैल झालं तर आई पाठ फिरवेल."

"नाही फिरवणार, पोरी. मी घडवलीय तिला. माझं ऐकेल."

आधी बाळ गेलं. उन्हं कलली तशी आनिसियाही गेली. जावई गलबतावर होता. त्याला कळवणार तरी कुठे?

माती आवरते न आवरते तोच टांकसाळीचा मुकादम दारात आला. जुना ठसा तडकला होता.

"दुसऱ्याला सांगा," वार्दास म्हणाला.

"दुसरा उरलाय कोण, वार्दास? आणि तू तरी घरात बसून काय करणार?"

तो गेला. तट कोरला, वस्त्राच्या चुण्या कोरल्या. चेहऱ्यापाशी छिन्नी थबकली. आता हात बिघडणार, असं त्याला वाटलं; बिघडावा, असंही वाटलं. पण हात सवयीनं चालला.

पहिलं नाणं उजेडात धरून मुकादम खूष झाला. "वा! काय शांत चेहरा उतरलाय रे!"

वार्दास बाहेर जाऊन भिंतीला टेकला. काहीच बिघडलं नव्हतं, हेच त्याला सोसवेना.

पुढे मेलानी त्याला ओढून देवमातेच्या देवळाकडे घेऊन गेली. उंबरठ्यापर्यंत जाऊन तो मागे वळला. "तू जा, मेलानीबाई. मला तिच्याशी बोलायचं नाही."

"अहो, रागवा तिच्यावर, भांडा. पण आत तरी या!"

"राग असता तर आलो असतो."

टांकसाळीत नाण्यांसाठी येणारं सोनं आधीच हिणकस झालं होतं, मग येईनासंच झालं. भट्ट्या विझल्या, कारागीर घरी पाठवले गेले. वार्दास मठाच्या धर्मशाळेत जाऊन पडला. तापात तो गेला, तेव्हा मेलेल्याच्या नावानं शिजवून वाटायचे श्राद्धाचे गहू मेलानीनंच शिजवले. खायला फारसं कुणी आलं नाही.