सहाव्या मजल्यावरचा पूर

बाबांनी समोरच्यांची बेल पहिल्यांदा वाजवली ती एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास. धायरीतल्या आमच्या सोसायटीत त्या वेळी सगळे जेवून आडवे झालेले असतात. मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत बसले होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, पण तो घरातला आवाज नव्हता. सावकाश, ठाम, एकेक शब्द सुटा.

"वरून पाणी सोडलंय. घर रिकामं करा. सामानाच्या मागे लागू नका. म्हातारी माणसं आणि पोरं आधी."

मी धावत बाहेर गेले. समोरच्या काकू झोपेतून उठून दारात उभ्या होत्या. बाबांच्या अंगावर पायजमा आणि बनियन होतं. मान मात्र ऑफिसात असायची तशी ताठ.

"बाबा, आपण सहाव्या मजल्यावर आहोत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. "मॅडम, वाद नंतर घाला. आधी निघा."

बाबा पालिकेत होते. भंडाऱ्याकडून पुण्यात आले ते कारकून म्हणून, निवृत्त झाले ते अधिकारी म्हणून. पेठांतल्या ऑफिसात त्यांची बरीच वर्षं गेली. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या वस्त्या हलवायचं काम त्यांच्याकडे असे. जीप, कर्णा आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. घरी आले की आधी अंघोळ, मग बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, मग चहा. सकाळची वंदना त्यांनी तापातही चुकवली नाही. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील त्यांना सगळ्यांत जवळचं होतं आणि आम्हाला सगळ्यांत जड. सातवीत मी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी दिली, 'मुलगी आजारी नव्हती. तिला शाळेत यायचे नव्हते.' खाली पूर्ण सही. बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही मनधरणी केली नाही.

स्मृती जायला लागली तेव्हा आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. इतक्या वर्षांची शहरी भाषा गळून पडली आणि गावाकडचं 'काहून' परत आलं. पण तो कर्ण्यावरचा मजकूर एका शब्दाने हलला नाही.

बेल वाजवणं वाढत गेलं, कधी आठवड्यातून दोनदा, कधी रोज. सोसायटीचे चेअरमन एकदा जिन्यात भेटले. "आपले वडील सहाव्या मजल्यावर पूर आणतात म्हणे," ते म्हणाले. "थोडं पाणी टाकीत सोडायला सांगा. टँकर तरी वाचेल." मी हसले. वर येऊन न्हाणीघराचं दार लावून रडले.

नाही म्हटलं की ते चिडत, थरथरत. शेवटी डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्यांच्याबरोबर चाला. मग बाबांनी आवाज दिला की मी आणि आई चपला घालायचो आणि तिघंही लिफ्टने खाली पार्किंगमध्ये जायचो. तिथे ते आम्हाला मोजत. एक, दोन. पुन्हा एक, दोन. मग चेहरा उतरे.

"एक कमी आहे."

"बाबा, आपण तिघंच आहोत. तुम्ही स्वतःला मोजलं नाहीत."

"एक कमी आहे," ते म्हणत आणि गेटकडे बघत राहत. त्यांच्या नजरेत इतकी खात्री असे की मीही वळून बघायची. गेटपाशी कुणी नसे. तरी मला तिकडे पाठ करून उभं राहवेना.

त्यांच्या जीपचे जुने ड्रायव्हर एकदा त्यांना भेटायला आले. बाबांनी त्यांना ओळखलं नाही. चहा घेता घेता मी हे मोजण्याचं सांगितलं, तशी ड्रायव्हरकाकांनी कपबशी खाली ठेवली.

"तुम्हाला साहेबांनी कधी सांगितलं नाही?"

एका पावसाळ्यात, दिवसाढवळ्या, त्यांनी नदीकाठची एक वस्ती रिकामी केली होती. सगळे वर रस्त्यावर आले होते, तिथून त्यांना पालिकेच्या शाळेत न्यायचं होतं. तेवढ्यात एक म्हातारी बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. साहेब, माझी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीय, टोपलीसकट घेऊन येते. बाबांनी आधी नाही म्हटलं. तिने हात जोडले. पाणी अजून घोट्याइतकंच होतं.

"साहेब म्हणाले, पाच मिनिटांत या," ड्रायव्हरकाका म्हणाले. "मी ऐकलं ना. ती पळत गेली हो, त्या वयात. आणि पाणी एकदम आलं. साहेब छातीपर्यंत आत शिरले होते. मी मागून धरून ओढलं त्यांना. पुढे कुणीच त्यांना दोष दिला नाही. साहेबांनी मात्र स्वतःहून लिहून दिलं, जायची परवानगी मी दिली म्हणून."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी बाबा पुन्हा उठले. आम्ही खाली गेलो. एक, दोन. एक कमी आहे. मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"आजी शाळेत पोचल्या, साहेब."

ते हळूच वळले. "तुम्ही स्वतः पाहिलं?"

"पाहिलं."

"आणि कोंबडी?"

"टोपलीसकट आणलीय. अंडीसुद्धा."

ते माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता पकडतील. सातवीत पकडलं होतं तसं. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला, वॉचमनच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग ठीक."

वर आल्यावर आईने विचारलं, "खोटं बोललीस ना?"

"हो."

"बरं केलंस." ती भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "पण आता ते कशासाठी उठतील?"

ते उठले नाहीत. बेल वाजवली नाही, कुणाला मोजलं नाही. वंदनेला बसवलं तर हात जोडत, ओठ हलत नसत. दोन महिन्यांत गेले. भंतेजी आले, परित्राणपाठ झाला, सोसायटीतली माणसं आली. चेअरमन शेवटपर्यंत थांबले आणि खुर्च्या स्वतः उचलून ठेवून गेले. सगळे म्हणत होते, शांतपणे गेले. मला त्या शब्दाची भीती वाटत होती. ती शांतता त्यांना मी दिली होती, आणि ती खोटी होती.

थोड्या दिवसांनी ड्रायव्हरकाकांकडून पत्ता घेऊन मी कसबा पेठेत गेले. त्या म्हातारीची सून आता तिथे एका खोलीत राहते. तीही म्हातारी झाली आहे. मी कोण ते सांगितलं. तिने मला आत घेतलं नाही, पण दारही लावलं नाही.

"गेले व्हय," ती म्हणाली. "दरवर्षी यायचे त्या दिवशी. हितंच, तुम्ही उभ्या हाय तितं उभे ऱ्हायचे. हात जोडायचे आन् जायचे. मी एकदाबी बसा म्हणले न्हाई. म्हणायला पायजे हुतं का, आता कोन सांगणार."

मी बाबांसारखेच हात जोडले.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दारात कुणी असं उभं ऱ्हायलं की मला आत्याबाई माघारी पळताना दिसत्यात. आता पुरं झालं."

घरी येऊन आईला विचारलं, "ते दरवर्षी तिथे जायचे, तुला माहीत होतं?"

"छत्री हातात कोण देत होतं त्यांच्या?" आई म्हणाली.

मी पुन्हा त्या दारात गेले नाही. तिने सांगितलं ते पाळते. पण बाबांनी विचारलं होतं, तुम्ही स्वतः पाहिलं? आणि मी पाहिलं म्हणाले होते. हल्ली मला ते खरंच दिसतं. ओल्या लुगड्यातली एक म्हातारी शाळेच्या व्हरांड्यात टेकून बसली आहे, मांडीवर टोपली आहे. ती मान वर करून माझ्याकडे बघते, आणि तिला काय सांगावं ते मला कळत नाही.