हरणाबाईंनी कापलेलं घोंगडं

यंदा थंडी पडली तशी आमच्या आळीत बातमी आली, की हरणाबाईंनी नवऱ्याला अंथरुणातून हाकललं. पुरावा काय, तर लेहच्या बर्फात फौजेची नोकरी करून आलेला त्यांचा नवरा, निवृत्त हवालदार दादासो, सकाळी पारावर पातळ चादर लपेटून कुडकुडत बसला होता. त्याचं घोंगडं बाईंनी काढून घेतलं, इथवर बातमी खरी. पण ते गेलं होतं परसातल्या मधमाश्यांच्या पेटीला.

म्हसवडच्या या बाजूला आता मेंढरांपेक्षा डाळिंबं जास्त. हरणाबाईंकडचीही मेंढरं गेली, बाग आली. फुलं येत, फळ धरत नसे, म्हणून मधपेट्या आल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांची राखण दादासोकडं होती. तंबूची फट न् फट बुजवायला शिकलेला माणूस. त्यानं पेट्यांना प्लास्टिकचा कागद गच्च गुंडाळला, फटींत मेण कोंबलं आणि मला मुद्दाम बोलावून दाखवलं, "आता वाऱ्याला म्हणावं शिरून दाखव."

वारा नाही शिरला. पण माश्यांच्या उबेची वाफ आतल्या आत झाकणाला धरली आणि थेंब थेंब त्यांच्याच अंगावर पडत राहिली. संक्रांतीला झाकणं उघडली, तर पोळ्यांना बुरशी आणि तळाला मेलेल्या माश्यांचा ओला थर. कडेची एक पेटी तेवढी वाचली, कारण तिचा कागद कुत्र्यानं फाडला होता. "फौजीपेक्षा कुत्रं शहाणं निघालं गड्या," असं मी म्हणालो, तर दादासो हसलासुद्धा नाही.

यंदा ती उरलेली पेटी हरणाबाईंनी ताब्यात घेतली. हीही गेली तर पुन्हा माश्या आणायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलंच होतं. पोळ्यांच्या रिकाम्या चौकटी काढल्या, साखरेचा पाक ठेवला, पेटीचं तोंड उन्हाकडं केलं. राहिलं झाकणाखालचं पांघरूण. ऊब धरणारं, पण वाफ सोडणारं.

"पोतं घाल की," दादासो म्हणाला.

"पोतं भिजलं की भिजूनच ऱ्हातं. लोकरच पायजे."

घरात लोकर म्हणजे एकच, त्यांच्या बानं लग्नात स्वतःच्या अंगावरचं काढून दिलेलं, आता दादासो पांघरायचा ते घोंगडं. घडी घातली की झाकण बसेना. आणि आमच्यात घोंगड्याला कात्री लावत नाहीत, त्याच्यावर देव मांडतात. कात्री मांडीवर घेऊन बाई ओसरीवर बसल्या, त्या ऊन कलेपर्यंत. मग उठल्या, घोंगड्याला हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि कापलं. एक तुकडा झाकणाखाली गेला, उरलेलं पेटीभोवती सैल गुंडाळलं.

पौषातल्या एका सकाळी गवतावरचं दव गोठलं. मी कुंपणापाशी आलो, तर बाई पेटीला कान लावून उभ्या. दादासो चार पावलं मागं, जवळ यायला बिचकत होता. बाईंनी मान वर केली आणि त्याला हातानं बोलावलं. त्यानं कान लावला तो बराच वेळ काढला नाही. आत गुणगुण चालू होती.

आता एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसला शेजारी? म्हणालो, "वैनी, माश्या जगल्या, पण बाचं घोंगडं कापलंत. वर गेल्यावर त्यांनी इचारलं तर काय सांगणार?"

हरणाबाई घोंगड्याची कड सारखी करत म्हणाल्या, "माझा बा भिजलेलं कोकरू ह्याच घोंगड्यात घ्यायचा, भावजी, आन् सोता उघडा बसायचा. त्यो न्हाई इचारायचा. इचारताय ते तुमीच."