खालची सही

निळ्या शाईची बाटली उघडली की त्या वासासरशी महाडमधल्या आमच्या दोन खोल्या आणि खाटेवर मांडी घालून बसलेले वडील आठवतात. ते कचेरीत कारकून होते आणि सही राहिलेले अर्ज परत पाठवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या वस्तीतली काही माणसं श्रीलंकेला बोधिवृक्षाच्या दर्शनाला निघाली, त्यांत तेही होते. तिथल्या हॉटेलच्या खर्चासाठी मुंबईच्या बँकेने ट्रॅव्हलर्स चेक दिले, प्रत्येक चेकवर वरची सही तिथेच करून घेतली आणि खालची हॉटेलवाल्यासमोरच करा, दोन्ही जुळल्या तरच तो पैसे धरेल, असं बजावलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी खालच्याही सगळ्या सह्या करून टाकल्या. आई म्हणाली, "अवो, खालची तितं करायची व्हती ना?" "रिकामी जागा ठेवली की कागद परत येतो गो," ते म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं की आता हे चेक ज्याच्या हाती लागतील तो वटवील. बदलून आणायला वेळ नव्हता. आईने चेक ठेवायला बनियनला छातीशी आतून खिसा शिवला. तिथल्या शेवटच्या दिवशी हॉटेलवाल्याने चेकांच्या मागे पुन्हा सह्या घेतल्या, तेव्हा कुठे वडील सुटले. परत आल्यावर बोधिवृक्ष कसा होता विचारलं, तर दमलेल्या आवाजात म्हणाले, "एकाच हाताने वंदन केलं. दुसरा छातीवरून निघेना." काल परदेशातल्या एका हॉटेलने माझ्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. तिथे आल्यावर समोर दाखवीन, एवढंच लिहिलं आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले.