माझे रुंद टायर

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या नाक्यावरचा टायरवाला गिऱ्हाईकाकडे बघतच नाही. टायरच्या बाजूत अंगठा रुतवून आंब्यासारखा दाबून पाहतो आणि टायरकडे तोंड करूनच बोलतो. मी गोंदियाहून रुंद, बुटके, चकचकीत टायर चाकांसकट बसवून आणले, तेव्हा त्याचा अंगठा रुतलाच नाही.

"काऊन भाऊ, दगडाचे आणले का? टायर डोळ्यानं नाही, कंबरेनं पसंत करा लागते."

मला संताप आला. आता रस्त्यात चिंचोका आला तर तो कच्चा की भाजलेला हे मला मणक्यातून कळायचं, आणि धानाच्या गाड्यांच्या चाकोरीत स्टिअरिंग माझ्याआधीच वळायचं, हे खरं. पण ते यानं कायले सांगावं?

आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. तिला गोंदियाच्या दवाखान्यातून आणायला निघालो आणि हवा भरायला त्याच्याकडे थांबलो, तेव्हा कुणाला आणायला चाललो ते बोलून गेलो. समोर चहा पिऊन येतो तर माझ्या गाडीला त्याच्या जुन्या गाडीची चारही चाकं.

"कोणाले विचारून?" मी ओरडलो.

"मायच्या कंबरेले," तो टायरला म्हणाला.

आई घरापर्यंत गाढ झोपेत आली. दुसऱ्या दिवशी मी तावातावानं भांडायला गेलो. त्याची गाडी विटांवर उभी होती आणि माझ्या रुंद टायरात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"माझी चाकं तुझ्या गाडीला लावायची होतीस."

"मले बी कंबर आहे ना, भाऊ."

असल्या उद्धट माणसाला धडा शिकवायलाच हवा होता. आई उठून चालू लागेपर्यंत मी त्याची चाकं परत केली नाहीत.