टेकरीच्या पायऱ्या आणि माझा पंप

डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, दमा आहे तरी रोज चाला, पण चढायच्या आधी पंप घ्या. आठवड्याला एक व्हिटॅमिनची गोळी दिली होती, पण तिच्यानं दमा जात नाही, असंही म्हणाल्या.

नवरात्रात देवासच्या टेकरीवर देवीच्या दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, म्हणून मी पंप घेतलाच नाही. रविवारी ती व्हिटॅमिनची गोळी घेतली होती, तेवढ्यानं निभेल वाटलं. अर्ध्या पायऱ्यांवर माझी सांस फुलली. कडेवरची लेक हातातून सुटेल, या भीतीनं मी खालीच बसले.

बरोबरच्या सासूबाईंनी तिला घेतलं, माझ्या पिशवीतून पंप काढला.

"आई, उपास आहे," मी कशीबशी म्हणाले.

"अगं, वाऱ्यानं कुठे उपास मोडतो का? घे मुकाट्यानं."

घेतला. थोड्या वेळानं बरं वाटलं, तशी मी लेक परत मागितली.

"वरती देते. तू आरामसे चल."